मुका मार

शंकरसिंगला मी पंचवीस वर्षं चालताना पाहत आले, आणि त्यातली चोवीस वर्षं तो चवड्यांवरच चालला. टाच जमिनीला टेकवण्यात त्याला कमीपणा वाटायचा की काय, देव जाणे. पुसदच्या बाजार समितीत तो हमाल होता. सोयाबीनचा भरलेला कट्टा पाठीवर घ्यायचा आणि ट्रकला लावलेल्या फळीवरून असा झपझप चढायचा, की खाली गप्पा मारत उभे असलेले व्यापारी बोलणं अर्धं सोडून त्याच्याकडे बघायचे. त्याचे खापरपणजोबा बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलूखभर फिरले होते. त्या धंद्याला लदेणी म्हणत. शंकरसिंग म्हणायचा, "बाई, बैल गेले, आता आमीच बैल." आणि स्वतःच्याच बोलण्यावर पोट धरून हसायचा.

मी विमल. पुसदपासून बारा किलोमीटरवर वरचा तांडा आहे, तिथल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत मी शिकवलं, आणि निवृत्त झाल्यावर तिथेच घर केलं. मी कुणबी, तांडा बंजाऱ्यांचा, पण इतक्या वर्षांत कोणी मला परकं मानलं नाही. सगळे बाईच म्हणतात. माझी जीभ तिखट आहे, हेही सगळ्यांना ठाऊक आहे. सरपंचालाही मी दोन शब्द ऐकवलेले आहेत. म्हणूनच, जिथे बोलायला हवं होतं नेमकी तिथे ही जीभ कशी टाळ्याला चिकटली, ते सांगताना मला लाज वाटते. पण सांगणार आहे.

शंकरसिंगला दोन गोष्टींचा गर्व होता. एक फळीवरची चाल, आणि दुसरी लेंगी, म्हणजे होळीचा गाणं-नाच. डफ वाजायला लागला की पन्नाशीतला हा माणूस विशीतल्या पोरांना मागे टाकायचा. गेल्याच्या गेल्या थंडीत मात्र त्याची डावी टाच दुखायला लागली. सकाळी उठलं की पहिली दहा-पंधरा पावलं भिंत धरून टाकायची, मग ऊन चढेल तशी ती मोकळी व्हायची. त्याने कोणाला सांगितलं नाही. त्याची बायको हंसाबाई माझ्याकडे ताक न्यायला आली तेव्हा तिच्याकडून कळलं. मी दवाखान्यात जा म्हणून निरोप धाडला. तो गेला नाही. दर शुक्रवारी एक डॉक्टर मोटारसायकलवरून तांड्यात यायचा. त्याच्याकडे डिग्री आहे की नुसतीच बॅग, हे कोणी कधी विचारलं नाही. त्याने टाचेच्या मागे सुई दिली. दुखणं तीन दिवसांत गायब. होळीच्या आधी पुन्हा कुरकुर लागली, तेव्हा शंकरसिंगने दुसरी घेतली.

"घोडा झालो बाई, घोडा," माझ्या दारात नाचून दाखवत तो म्हणाला.

त्या वर्षी धुंड त्याच्या पुतण्याच्या घरी होता. पुतण्या भारत, म्हणजे त्याच्या वारलेल्या भावाचा मुलगा. भारतची बायको जया केळापूरकडच्या तांड्यातली, बारावी झालेली, माझ्याकडे पेपर वाचायला येणारी. तिला पहिला मुलगा झाला होता. वर्षभरात ज्या घरी मुलगा होतो तिथे धुळवडीच्या दिवशी धुंड करतात. अंगणात खुंटा रोवायचा, त्याला पुऱ्या-गुलगुल्यांचं भांडं बांधायचं, बायकांनी काठ्या घेऊन त्याची राखण करायची आणि पुरुषांनी तो उपटून न्यायचा. बायका झोडपतात, पुरुष हसत हसत मार खातात. वर्षातला तेवढाच एक दिवस बायकांचा, बाकीचे कोणाचे ते सांगायला नको. आमच्या तांड्यात त्याला नियम एकच, मारायचं ते पाठीवर, कमरेखाली नाही. पाहुणी म्हणून मलाही एक काठी मिळाली होती. मी ती टेकून उभी होते.

भर दुपार होती. शंकरसिंग वाकून बायकांच्या घोळक्यात घुसला, दोन्ही हातांनी खुंटा धरला, चवड्यांवर जोर देऊन वर उसळला, आणि फटकन आवाज आला. वाळलेली पऱ्हाटी मोडावी तसा. मी माझ्या कानांनी ऐकला. तो लगेच पडला नाही. आधी त्याने वळून मागे पाहिलं. मागे जया होती, आणि तिच्या हातात काठी होती. मग तो खाली बसला.

"तू मारलं मले," तो ओरडला. "टाचेवर मारलं!"

"नाई काका, मी नाई मारलं. तुमची आण."

डफ थांबला. बायका एकमेकींकडे बघू लागल्या. सगळ्यांच्या मनात एकच गोष्ट आली असणार, कारण ती माझ्याही मनात आली. महिन्याभरापूर्वी सामाईक नळावरून दोघांचं वाजलं होतं. जया चारचौघांत म्हणाली होती, "काका, पाणी तुमच्या एकट्याचं नाई." सासऱ्याच्या जागी असलेल्या माणसाला सुनेने असं बोलावं, हे शंकरसिंगच्या जिव्हारी लागलं होतं. आता त्याला वाटलं, हिने दावा साधला.

दुसऱ्या दिवशी त्याला सरकारी दवाखान्यात नेलं. डॉक्टरने विचारलं, काय झालं. हा म्हणाला, काठीचा मार लागला. टाच सुजलेली होती. फोटो काढला, हाड शाबूत निघालं. शंभर माणसं बाहेर रांगेत उभी, त्या डॉक्टरला तरी काय दोष द्यावा. त्याने कागदावर लिहिलं, "डाव्या टाचेस मुका मार." म्हणजे बाहेरून जखम नाही, हाड मोडलेलं नाही, आत मार आहे. कागद घरी आला आणि तांडाभर फिरला. शंकरसिंगने डॉक्टरला सांगितलं तेच डॉक्टरने लिहिलं होतं, पण आता ते डॉक्टरने सांगितलं असं झालं. हा खेळ माझ्या लक्षात यायला हवा होता. मी आयुष्यभर मुलांना उत्तर फळ्यावरून उतरवू नका म्हणून ओरडले, आणि इथे सगळा तांडा उतरवत होता तेव्हा मी बघत बसले.

आठवड्याने नसाब बसला. बंजाऱ्यांच्या पंचांच्या बैठकीला नसाब म्हणतात. कडुनिंबाखाली सतरंज्या टाकल्या होत्या, तांड्याचा प्रमुख, म्हणजे नायक, देवीलाल मधे, शंकरसिंग खाटेवर पाय लांब करून. देवीलाल माणूस वाईट नाही. भांडणं पोलिसांत जाऊ देत नाही, याचा त्याला अभिमान आहे. त्याने जयाला विचारलं, तिने नाही म्हटलं. पुन्हा विचारलं, पुन्हा नाही. मग तो माझ्याकडे वळला.

"बाई, तुमी बाजूलेच होत्या. जयाच्या हातात काठी होती का?"

"होती," मी म्हणाले.

एवढंच. काठी प्रत्येकीच्या हातात होती, माझ्याही होती. मी तिला मारताना पाहिलेलं नव्हतं. पण ते कोणी विचारलं नाही आणि मीही आपणहून बोलले नाही. म्हटलं, घरातलं भांडण आहे, आपण कशाला तेल ओता. जयाने माझ्याकडे पाहिलं, मी पदर नीट करायला लागले.

तिने पाच वेळा नाही म्हटलं. मी मोजलं नव्हतं, तिने मोजलं होतं. शेजारी बसलेला भारत हळूच म्हणाला, "म्हणून टाक ना मारलं म्हणून. विषय संपते." सहाव्या वेळेला जया म्हणाली, "मारलं." काकांच्या पाया पडली. देवीलालने दंड केला नाही, वाळीत टाकलं नाही. लेकरू आहे, चूक झाली, म्हणाला, आणि सगळ्यांना चहा सांगितला.

विषय कुठला संपतो! विहिरीवर, नळावर, लग्नात, जिथे जाईल तिथे ती काकाला मारणारी झाली. कोणी तोंडावर बोलायचं नाही, फक्त ती आली की बोलणं थांबायचं. आणि भारत, ज्याने तिला ते म्हणायला लावलं, तोच तिला विचारू लागला, "पण मारलं काहून?" आधी नाही म्हणत होती तेव्हा त्याचा तिच्यावर विश्वास होता. हो म्हणाल्यावर उडाला. एप्रिलमध्ये ती लेकराला घेऊन माहेरी गेली. पेरणीला आली नाही. फोनवर भारतशी चार शब्द, मग तेही बंद.

इकडे शंकरसिंगचा पाय बरा होईना. सूज उतरली, तो चालायचाही, पण त्या पायाला उसळी राहिली नव्हती. डाव्या चवड्यावर उभं राहायला जायचा आणि टाच खाली बसायची. फळीवर कट्टा घेऊन दोनदा प्रयत्न केला, दुसऱ्यांदा मागे घसरला. दुसऱ्या हमालांनी धरलं म्हणून वाचला. काम सुटलं. त्या वर्षी त्याच्या घरासमोरून जाताना मला मुद्दाम खोकून चाहूल द्यावी लागायची, नाहीतर मागे पाऊल वाजलं की तो दचकायचा. पुढे कंबर धरली, मग उजवा खांदा वर चढला, आणि श्रावणात मान अशी अवघडली की कोणी हाक मारली तर सगळं अंग वळवून बघायचा. दर वेदनेला तो जयाचं नाव घ्यायचा. "त्या पोट्टीनं मले अपंग केलं, बाई." हंसाबाई एकदा चिडून म्हणाली, "मानेवर बी तिनंच मारलं का?" पण त्याला ते लागलं नाही.

मानेसाठी म्हणून मी त्याला पुसदला घेऊन गेले. तिथे अपेक्षा म्हणून एक फिजिओथेरपीवाली पोरगी नवीन बसायला लागली होती. दोन खोल्या, एक पलंग, भिंतीवर कातडं काढलेल्या माणसाचं चित्र. शंकरसिंगने ते पाहिलं आणि तोंड फिरवलं. तिने मान बघितलीच नाही आधी. त्याला सदरा काढून उभं केलं, मागून पाहिलं, चार पावलं चालायला लावलं, आणि विचारलं, "काका, डाव्या टाचेला काय झालं होतं?"

"मान दुखते मही. टाच नाई."

"कळलं. पण सांगा ना."

तिने त्याला पलंगावर पालथं झोपवलं, पावलं बाहेर लोंबती ठेवली. उजवी पोटरी दाबली, तसं उजवं पाऊल आपोआप खाली हललं. डावी दाबली. पाऊल जसंच्या तसं लोंबत राहिलं. तिने पुन्हा दाबली. तरी तसंच.

"घोडनस तुटली आहे," ती म्हणाली. "पोटरी टाचेला बांधते ना, ती जाड नस. नस म्हणतो आपण, पण हिच्यात रक्त नसतं. वादीसारखी असते, फोटोत दिसत नाही. जुनी गोष्ट आहे, पाचेक महिने तरी झाले असतील."

मग तिने त्याला सदरा परत घालायला लावला आणि खालचं टोक धरून ओढलं. सुरकुती कंबरेवरून, पाठीवरून थेट कॉलरपर्यंत गेली. कातड्याखाली असंच एक अखंड कापड आहे, म्हणाली, तळव्यापासून डोक्यापर्यंत. नसा, सांधे, मांस, सगळं त्यानेच एकमेकाला धरून ठेवलंय. नुसत्या हाडांवर माणूस उभा राहत नाही, या ओढीवर उभा राहतो. खाली एक टोक सुटलं, की वरचं सगळं तोल सांभाळायला वाकडं होतं. "तुमची मान टाचेला सांभाळून घेते आहे, काका." मुलांच्या पुस्तकात याला संयोजी ऊती म्हणतात. परीक्षेत दोन मार्कांना येतात, म्हणून मी त्या कायम घाईत उरकल्या.

"इथे कधी सुई घेतली होती?" तिने टाचेमागे बोट ठेवलं.

"दोनदा. होळीच्या आंगोदर."

"अशा सुयांनी दुखणं दबतं, पण कधी कधी नस आतून विरत जाते. जुन्या लुगड्यासारखी. मग जोर लावला की जाते." आणि मग, आम्ही काही सांगायच्या आधीच, तिने सहज विचारलं, "तुटली तेव्हा फटकन आवाज आला असेल. मागून कोणीतरी काठी मारली असं वाटलं असेल ना?"

शंकरसिंग पलंगावर टेकला.

"सगळ्यांनाच वाटतं," ती कागदावर लिहीत म्हणाली. "वळून बघतात आधी, कोणी मारलं ते. मागे कोणीच नसतं."

शंकरसिंगने पलंगाची कड घट्ट धरली होती. "पण मागं कोणी उभं असलं तर?" तो म्हणाला. तिला प्रश्न कळला नाही. ऑपरेशनसाठी नागपूरला जा, उशीर झालाय, पूर्वीसारखा पाय होईल असं मी सांगत नाही, असं काहीबाही ती बोलत होती. आम्ही दोघांनीही ते धड ऐकलं नाही. बाहेर येऊन तो रसवंतीच्या बाकड्यावर बसला आणि रडला. बाजारातल्या माणसांसमोर, तोंड न झाकता.

दोन दिवसांनी आम्ही केळापूरला निघालो. यवतमाळला एक गाडी बदलली, पांढरकवड्याला दुसरी, पुढे ऑटो, आणि शेवटचा चढ पायी. त्या चढावर त्याला चार वेळा थांबावं लागलं. मी हात पुढे केला तर झिडकारला. जया ओसरीत तुरीची डाळ निवडत होती. बाळ बाजेला धरून चवड्यांवर उभं राहायला शिकत होतं. शंकरसिंग त्याच्या टाचांकडे बघत राहिला. जयाने पाणी दिलं, पाया पडली, तिची आई दारात येऊन उभी राहिली.

"पोरी," तो म्हणाला, "तू नाई मारलं. डॉक्टरीन बाईनं सांगतलं. नस आपल्या आपणच तुटली. मी सुया घेतल्या होत्या."

जया डाळ निवडत राहिली. मग म्हणाली, "मी नाई मारलं, हे मी पाच खेपा सांगतलं काका. तवा नाई ऐकलं. सहाव्या खेपेले खोटं बोलली, ते मात्र तुमाले लगेच पटलं."

"चुकलो. चाल घरी."

"तुमी इथं सांगून राह्यले, इथं कोणाले पायजे? ज्याइच्यापुढं मले म्हणाले लावलं, त्याइच्यापुढं सांगा." मग तिने माझ्याकडे पाहिलं. "तुमी बी बाई."

तिचा आवाज जरासुद्धा चढला नाही. शिव्या दिल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

पोळ्यानंतर शंकरसिंगने स्वतः नसाब बोलावला. तांड्यात असं सहसा होत नाही, ज्याच्या बाजूने निकाल लागला तो कशाला पुन्हा बसवेल? या वेळी तो खाटेवर बसला नाही, उभा राहिला. सुयांचं सांगितलं, घोडनशीचं सांगितलं, अपेक्षाचा कागद पुढे केला. जो जन्मभर ताठ मानेने फळी चढला, तो वाकड्या मानेने सांगत होता की आपल्याला कोणी मारलं नाही, आपलंच अंग विरलं होतं. मला त्याचा त्या क्षणी जेवढा अभिमान वाटला तेवढा त्याच्या नाचाचा कधी वाटला नव्हता. मीही उठले. म्हटलं, "काठी माझ्याही हातात होती. जयाला मारताना मी पाहिलेलं नाही."

"हे तवाच सांगाचं होतं बाई," देवीलाल म्हणाला. त्यात चूक काहीच नव्हती.

त्याने दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले. मुका मारचा सरकारी होता, शिक्क्याचा. अपेक्षाचा साधा. "मारलं नसतं तर पोट्टी हो कायले म्हणली असती?" एकाने विचारलं. "आमी म्हणाले लावलं," शंकरसिंग म्हणाला. मागून भारत पहिल्यांदा बोलला, "मी इचारलं होतं तिले, काहून मारलं म्हणून. राग आलता म्हणे." मी विचारलं, किती वेळा विचारलंस? तो खाली बघू लागला. म्हणाला, "रोज."

बराच वेळ कुजबुज चालली. शंकरसिंगचा पाय थरथरत होता, पण तो बसला नाही. शेवटी देवीलालचा चेहरा मोकळा झाला. त्याला वाट सापडली होती.

"हे पाहा," तो म्हणाला, "शंकरसिंगच्या मनात आता काही राग नाई. मंग आपण कायले धरून ठेवाचं? नसाबानं जयाले माफ केलं."

"अरे, माफी कशाची?" शंकरसिंग ओरडला. "माफी मले मांगाची हाय!"

"तुले कायले? मार तर तुले लागला ना बापा." लोक हसले, मनापासून, आपुलकीने. माझं डोकं फिरलं. मी वाट्टेल ते बोलले, पण सगळे उठून पायात चपला घालत होते. त्यांच्या दृष्टीने गोड शेवट झाला होता.

देवीलालने भारतचा फोन मागून घेतला, जयाचा नंबर लावला, सगळ्यांना ऐकू जावं म्हणून स्पीकर चालू केला.

"जया बेटा, नसाबानं तुले माफ केलं. ये आता आपल्या घरी."

पलीकडे बाळाची बडबड ऐकू येत होती. शंकरसिंग फोनकडे झेपावला, पण तो पाय त्याला वेळेवर उचलता आला नाही.

"माफ केलं," जया म्हणाली. "म्हंजे मारलंच होतं ना मी?"

देवीलाल आमच्या तोंडाकडे बघायला लागला. फोन बंद झाला होता. भारतने पुन्हा लावला, तिने उचलला नाही.